एक्केचाळीस जणांचं ‘बघू’

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ५.४०

सुका मासा तळल्याच्या वासाने जाग आली. खाली नानाय पेर्लाची खानावळ (नानाय म्हणजे आई, सगळ्यांचीच), वर माझी खोली, मधे नुसत्या फळ्या. दोन वर्षं रोज हेच. आज ठरवलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी करणार. इस्लामपूरच्या खोतांच्या सात पिढ्यांत कुणी माशाला शिवलेलं नाही. फिलिपिन्समध्ये, दावाओला डॉक्टर व्हायला आलो म्हणून मी सुरुवात करणार नाही.

निश्चय: २८ तारखेला ही खोली सोडणार. आपल्या पोरांच्या फ्लॅटवर एक कॉट रिकामी आहे. तिथे चपात्या होतात.

नानायला तसं सांगून टाकलं. तिने भुवया उडवल्या. इथे भुवया उडवणं म्हणजे ‘हो’. वर म्हणाली, “बरं दोंग, जाशील. आधी खाऊन घे.” दोंग म्हणजे बाळ. मला बाविसावं चालू आहे. हेही मला मान्य नाही.

४ फेब्रुवारी

पोस्टिंग लागलं, आमच्याच वस्तीत. शनिवारी १५ तारखेला बास्केटबॉलच्या कोर्टवर रक्तदाब तपासणीचं शिबिर भरवायचं. कमीत कमी पंचवीस माणसं आली पाहिजेत. नाही आली तर नापास, अख्खं सत्र पुन्हा.

डॉ. मागबानुआ मॅडम म्हणाल्या, “संग्राम, लोकांत जाऊन बस. नुसतं सांगू नकोस, बस.” बसायला मी काय सोयरीक जमवायला चाललोय? वस्तीत सत्तर घरं आहेत. पंचवीस माणसं म्हणजे हातचा मळ.

६ फेब्रुवारी. दुपार

फिरलो. कुठल्याही घरात कुठल्याही वेळेला जा, कुणीतरी जेवत असतंच. आणि जेवणारा म्हणतोच, “काओन ता!” म्हणजे ये, जेवू या. पहिल्या वर्षी मी खरंच ताट घेऊन बसायचो, तेव्हा नानाय म्हणाली, अरे ते नुसतं म्हणायचं असतं. आता बसत नाही, तर म्हणते, दोन मिनिटं टेकायचं तरी! यांचं यांना तरी कळतं का?

घर कुठलं म्हणून विचारावं तर हाताने दाखवत नाहीत. ओठ पुढे काढून दाखवतात. हात काय फक्त जेवायला दिलेत?

मी उभ्या उभ्या मुद्द्यावर आलो. रक्तदाब, शनिवार, आठ वाजता, येणार का? प्रत्येक जण हसून म्हणाला, “सिगे, तानाउन नातो.” शब्दशः: बरं, आपण बघू. बघू! म्हणजे शिबिर बघायला येणार. तीस घरं, तीस होकार, एकानेही नाही म्हटलं नाही. इस्लामपुरात एवढ्यात चार भांडणं झाली असती.

वस्तीतली सगळ्यात थोरली म्हणजे लोला चारिंग. आजीबाईंनी हात पुढे केला. इथे थोरांचा हात धरून आपल्या कपाळाला लावायचा असतो. मी सरळ शेकहँड केला. म्हातारी आपल्या हाताकडे जरा वेळ बघत राहिली. मोडेन पण वाकणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. मे महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे, येशील का? म्हटलं, बघू. आई फणकारली, “म्हणजे नाहीच. सरळ सांग की, मी काय आजची आहे का?”

मी फक्त बघू म्हणालो होतो. आईला भलते अर्थ काढायची सवयच आहे.

१३ फेब्रुवारी

नानायने विचारलं, शिबिरात खायला काय ठेवणार? म्हटलं, रक्तदाबाच्या शिबिरात खायला? ती इतकी हसली की वरच्या फळ्या हलल्या. मग म्हणाली, “आणि कुणाच्या घरी बसलास का?” म्हटलं, वेळ नाही. ती म्हणाली, “त्यांना आहे.” काहीही बोलते.

२८ ला पंधरा दिवस राहिले.

१५ फेब्रुवारी, शनिवार. कोर्टवरून

८.०० टेबल, दोन खुर्च्या, फलक, मी.

८.४५ कुणी नाही. इथली आठची वेळ म्हणजे नऊ.

१०.०० तीन कुत्री.

१०.४० वस्तीतले मानोय, म्हणजे दादा, इस्योंग आले आणि खुर्चीवर बसले. पहिला रुग्ण! दंडाला पट्टा बांधायला गेलो तर दचकले. ते सावलीला बसले होते.

११.३० मॅडम आल्या. रिकामं कोर्ट बघितलं. फलकावरची स्पेलिंगची चूक तेवढी खोडून नीट केली. मग म्हणाल्या, पुढचा शनिवार देते, शेवटचा.

दोष माझा नाही. तीस माणसांनी शब्द दिला आणि फिरवला. खोतांकडे असं होत नाही.

१७ फेब्रुवारी

नवी योजना. तोंडी काही नाही, सगळं लेखी. वही घेऊन घरोघर फिरलो: नाव लिहा, शनिवारी येणार म्हणून सही करा. कुणी का कू केलं नाही. उलट कौतुकाने पेन हातात घेत होते. एक्केचाळीस सह्या! आता कसे निसटतात तेच बघतो.

सही करता करता प्रत्येक जण सांगत होता, शनिवारी लोला चारिंगचा ऐंशीवा वाढदिवस आहे, जेवायला ये. मी नम्रपणे त्यांच्याच भाषेत म्हणालो, “तानाउन नातो.” लोकांनी समजून मान हलवली. उगाच आग्रह नाही. एवढा एक गुण यांच्यात आहे.

खुद्द लोला चारिंगने विचारलं, “दोंग, तू येशील ना?” म्हटलं, बघू. तिने माझ्याकडे बघितलं, मग वहीत मोठ्या अक्षरात पूर्ण नाव लिहून सही केली. सगळ्यांत ठसठशीत सही तिचीच.

वाढदिवस शनिवारीच आहे खरा, पण तो संध्याकाळी असणार. माझं शिबिर बारापर्यंत आटपतं.

१९ फेब्रुवारी

नानाय मासे उलटत होती. विचारलं, सही करताना लोक काय म्हणाले? म्हटलं, बघू म्हणाले. तिचा झारा थांबला. “सगळे?” सगळे. “आणि वाढदिवसाचं तू काय सांगितलंस?” म्हटलं, मीही बघू म्हणालो.

“मग झालं की,” नानाय म्हणाली. “दोन्हीकडचं ठरलं.”

चला, तिलाही पटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. कोर्टवरून

७.४५ टेबल, चार खुर्च्या. सह्यांची वही समोर, वर दगड ठेवलाय.

८.४० कुणी नाही. आज कुत्रीसुद्धा नाहीत. डुक्कर भाजल्याचा वास येतोय.

९.१५ दोन गल्ल्या पलीकडे माइकवर कुणीतरी गातंय. बेसूर, पण मनापासून. टाळ्या पडताहेत. एक्केचाळीस माणसांच्या वाटतील एवढ्या.

९.४० मी घाबरलोय. इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहून ठेवतो. बाबांनी गल्लीत मला आत्तापासूनच डॉक्टर म्हणायला सुरुवात केली आहे. परवा दूधवाल्याने माझ्यासाठी त्याच्या गुडघ्याचा फोटो पाठवला. यांना काय सांगू? की माणसं होती, सह्या होत्या, पण कुणी आलं नाही?

१०.०५ नानाय येताना दिसतेय. आज माझी खैर नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४.३०

नानाय ओरडली नाही. एप्रनला हात पुसत म्हणाली, “मशीन उचल. माणसं तिकडं आहेत, तू इकडं कशाची राखण करतोयस?” मी वही पुढे केली. म्हटलं, सह्या आहेत माझ्याकडे. ती म्हणाली, “मग सह्यांचाच रक्तदाब बघ.” आणि चालू लागली. मीही निघालो. ऊन वाढत होतं, दुसरं कारण नाही.

सगळी वस्ती तिथे. डॉ. मागबानुआ मॅडमसुद्धा, भाताचं ताट हातात धरून! मी आपला दारात उभा. लोला चारिंगने हात पुढे केला. सगळं अंगण बघत होतं. मी तो हात माझ्या कपाळाला लावला. नोंद: ताप आहे का ते बघण्यासाठी. वैद्यकीय कारण.

म्हातारी आनंदाने ओरडली, “बसू द्या रे त्याला! आपला डॉक्टर आलाय!” आपला म्हणाली. मी मशीन या हातातून त्या हातात घेतलं. जड आहे.

बसलो. ताट आलं. त्यात भात आणि भाजलेला अख्खा मासा, तोंड माझ्याकडे. खाल्ला. उपाशीपोटी तपासणी करणं अशास्त्रीय आहे. दुसऱ्यांदाही घेतला, कारण एकदाच घेतला तर म्हातारीला वाटलं असतं, आवडला नाही.

मग आश्चर्य! मी काही न बोलता लोक आपणहून रांगेला लागले. दंड पुढे करून, दुसऱ्या हातात ताट. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. शेवटी मानोय इस्योंग अडून बसले, आता तुझाही घे. सगळ्यांत जास्त माझा निघाला. मशीन जुनं आहे.

अहवाल लिहिला. शिबिर पूर्ण यशस्वी. नियोजन: संग्राम खोत.

२६ फेब्रुवारी

अहवाल परत आला. लाल पेनने भरलेला.

एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस जणांचा रक्तदाब वाढलेला. मॅडमनी खाली लिहिलंय: “हे आकडे डुकराचं मांस खाऊन, माइकवर गाऊन झाल्यावर घेतलेले आहेत. वेगळा घेतलेला माझाही वाढलेलाच होता. वस्ती आजारी नाही, जेवलेली आहे.”

पुढे अट. तूर्त नापास नाही. पण पुन्हा मोजायचं: एक्केचाळीस जणांच्या घरी जाऊन, प्रत्येकाचा वेगवेगळ्या दिवशी तीनदा, आधी पाच मिनिटं शांत बसवून. मार्चअखेरपर्यंत. सगळ्यांत शेवटी लिहिलंय, “तुम्हालाही बसावं लागेल.”

हिशेब केला. एकशे तेवीस वेळा कुणीतरी “काओन ता” म्हणणार. हे मला मान्य नाही. मॅडमना तसं स्पष्ट सांगणार होतो, पण त्या घाईत होत्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६.३०

बॅग कालच भरून ठेवली. माघार नाही. एकशे तेवीस काय, हजार वेळा मोजीन, पण चपात्या खाऊन मोजीन. फ्लॅटवरून फोन आला, येतोस ना, नाहीतर कॉट दुसऱ्याला देतो. म्हटलं, म्हणजे काय, आज आलोच.

निरोप घ्यायला खाली आलो. खानावळीत लोला चारिंग आणि मानोय इस्योंग येऊन बसले होते, बाह्या वर करून. सकाळी रिकाम्या पोटी मोजलेलं बरं ना, म्हणाले. त्यांना काय ठाऊक मी चाललोय! दोघांना पाच मिनिटं शांत बसवलं. मीही बसलो.

नानायने चुलीजवळून विचारलं, बॅग कुठे आहे? मी ओठांनी वर दाखवलं.

“मग काय, जाणार ना आज?”

म्हटलं, बघू.

नानाय म्हणाली, “म्हणजे नाहीच.” आणि कढईत आणखी एक मासा सोडला.

मी फक्त बघू म्हणालो होतो.