माउसला हात न लावता चारशे बारा फाईली

सोमवार, २६ मे २०१४
आजपासून माउस बंद. काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. उंदीर गणपतीला शोभतो, इंजिनिअरला नाही.

निमित्त मोठं आहे. लॅबमधला जुना एक्सपीवाला कॉम्प्युटर पुढच्या आठवड्यात शुक्रवारी जाणार. त्यावर चारशे बारा पेशंटांची मोजमापं आहेत. खुबा नाहीतर गुडघा बदललेली माणसं आमच्या सेन्सरच्या पट्टीवरून चालतात, प्रत्येकाची एक फाईल होते. हे सगळं नव्या लिनक्स सर्व्हरवर न्यायचं काम प्रोफेसरांनी मला दिलं. मी इथे तासांवर काम करणारी मास्टर्सची विद्यार्थिनी. काम नीट झालं तर ऑक्टोबरपासून थीसिस याच लॅबमध्ये, असं ते म्हणाले. जागा एकच आहे.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. एका जागेचं काय घेऊन बसलात.

शुक्रवार, ३० मे
काल सुट्टी, उद्या शनिवार, म्हणून आज ब्र्युकनटाग, म्हणजे मधली जोडसुट्टी. अख्खं एर्लांगेन गाव घरी. लॅबमध्ये फक्त मी आणि फ्राऊ लेडरर, म्हणजे लेडरर बाई, आमच्या टेक्निशियन. वय साठ.

त्यांची कॉपी करायची पद्धत पाहिली. आठवड्याच्या नव्या फाईली लॅबच्या एका जुन्या डिस्कवर घेतात. माउसने एक फाईल उचलायची, ओढत न्यायची, सोडायची. उघडून बघायची. बंद करायची. वहीत पेन्सिलीने नंबर, पुढे टिक. मग दुसरी फाईल. तीन वर्षं दर शुक्रवारी हेच. डिस्क चहाच्या डब्यामागे ठेवतात.

अशा लोकांच्या हातात विज्ञान आहे.

रविवार, १ जून
बाबांशी स्काइप. विट्यात आमची पिठाची गिरणी आहे. बाबांना कॉपी म्हणजे काय ते समजावलं. ते म्हणाले, प्रत्येकाचा डबा वेगळा ठेव म्हणजे झालं. म्हटलं, बाबा, इथे डबे नसतात. ते म्हणाले, बरं बाई.

बाबांना जगातली कुठलीही गोष्ट सांगा, ते गिरणीवर येतात. माझ्यानंतर घरात हे थांबेल.

मंगळवार, ३ जून, संध्याकाळ
कमांड तयार. एक ओळ. जुन्या मशीनवरची एकेक फाईल घ्यायची आणि सर्व्हरवर मेस्सुंगनमध्ये टाकायची. मेस्सुंगन म्हणजे मोजमापं. नाव साधं, जर्मन, प्रोफेसरांना आवडेल.

चाचणी घेताना cp ला, म्हणजे कॉपीच्या कमांडला, -i लावला होता, म्हणजे काही पुसलं जाणार असेल तर आधी विचारतं. पहिली फाईल गुपचूप गेली. दुसरीलाच विचारलं, मेस्सुंगनवर लिहू का. हो म्हटलं. लिहायलाच तर आलेय. तिसरीला पुन्हा तेच. चौथीलाही. चारशे वेळा हो म्हणत बसायला मी काय फ्राऊ लेडरर आहे?

-i काढून टाकला. ती भित्र्यांची सोय आहे.

गुरुवार, ५ जून, दुपारी ३.४०
झालं. चारशे बारा फाईली, नऊ मिनिटं. एकही मेसेज नाही. लिनक्सचं हेच मला आवडतं, चूक झाली तरच तोंड उघडतं. माणसांनी शिकावं.

आता सहीचा तमाशा. इथे प्रत्येक कागदावर दोन सह्या लागतात. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. चार डोळ्यांचा नियम म्हणतात. चष्मा धरून चार डोळे माझे एकटीचेच आहेत. फ्राऊ लेडरर म्हणाल्या, मी दर दहावी फाईल उघडून बघेन, मग सही करेन, बुधवारी. म्हटलं, मशीन उद्या जातंय. त्या म्हणाल्या, मग मशीन थांबेल. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. यांच्या राज्यात मशीनच थांबणार.

संध्याकाळी ५.१५
दुसरी सही मिळाली. हृषिकेशची. पुण्याचा आहे, इथे पीएचडी करतो. ही सगळी मोजमापं त्याचीच, तीन वर्षांची. म्हणजे तपासायला त्याच्याहून योग्य कोण? आज बेर्ग सुरू झाली. बेर्ग म्हणजे इथली जत्रा, टेकडीवर बारा दिवस बिअर. तो सायकलचं कुलूप काढत होता. विचारलं, उघडून बघितलंस ना गं? म्हटलं, उघडून माउसवाले बघतात. म्हणाला, धन्य आहेस. म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही का? म्हणाला, तेवढा नाही, पण वर माझी बिअर गरम होतेय. सीटवर कागद ठेवून सही केली. पुणेकर आणि म्हणे काटेकोर.

शुक्रवार, ६ जून
मशीन गेलं. आजच पुसून टाकणार म्हणाले. फ्राऊ लेडरर दारापर्यंत त्याच्यामागे गेल्या. कॉम्प्युटरला निरोप देणारी बाई.

सर्व्हरवर एक नजर टाकली. मेस्सुंगन हजर. जुन्या मशीनवर सोळा जीबी होतं, इथे अडतीस एमबी. विंडोजने किती चरबी साठवली होती.

सोमवार, ९ जून
सुट्टी. थीसिसचं आभाराचं पान लिहिलं. आई, बाबा, प्रोफेसर. फ्राऊ लेडरर यांचं नाव आधी घातलं नव्हतं. मग घातलं. मोठेपणाने वागायचं ठरवलंय.

संकल्प: उद्यापासून थीसिसचा पहिला भाग. रोज दोन पानं.

मंगळवार, १० जून
बेर्गमुळे युनिव्हर्सिटी बंद. बाहेर गोंगाट. अशात पानं होत नसतात.

बुधवार, ११ जून
हृषिकेश सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, शमिका, इथे एकच बाई आहे.

म्हटलं, कुठे?

म्हणाला, सगळीकडे.

मेस्सुंगन हा फोल्डर नाही. फाईल आहे. तिच्यात पेशंट नंबर चारशे बारा, डावा खुबा नवीन, वय एकाहत्तर, पट्टीवरून हळूहळू चालते, वळते, परत येते. बाकी चारशे अकरा माणसं नाहीत.

हृषिकेश खुर्चीत बसून त्या बाईचं चालणं पाहत राहिला. तीन वेळा.

गुरुवार, १२ जून
कारण कळलं. सर्व्हरवर त्या नावाचा फोल्डर आधी बनवावा लागतो. मी बनवला नव्हता. म्हणून cp ने त्या नावाची फाईल केली आणि प्रत्येक पेशंट आधीच्याच्या अंगावर लिहिला. चारशे अकरा वेळा. एका शब्दाने सांगितलं नाही. हृषिकेशने विचारलं, चाचणीत -i लावला होतास का, काही विचारलं का त्याने? म्हटलं, तो मुद्दा वेगळा आहे. तो म्हणाला, माझी तीन वर्षं वेगळा मुद्दा आहेत का. मग म्हणाला, सही माझीही आहे. हे जास्त लागलं.

दुपारी फ्राऊ लेडरर यांना सगळं कळलं. आल्झो, म्हणजे ‘तर मग’, एवढंच म्हणाल्या. चहाचा डबा बाजूला सरकवला. डिस्क काढली. वही काढली. चारशे बारा नंबर, चारशे बारा टिका.

हृषिकेशने त्यांना मिठी मारली. जर्मन बाईला असं करत नाहीत. त्यांनी करू दिलं.

सोमवार, १६ जून
प्रोफेसर शांतपणे बोलले, त्यामुळे जास्त वेळ लागला. ऑक्टोबरची जागा दुसऱ्या मुलाला. माझा विचार एप्रिलमध्ये, फ्राऊ लेडरर माझ्याबद्दल चांगलं लिहून देतील तर. तोवर डिस्कवरच्या फाईली सर्व्हरवर न्यायच्या, त्यांच्याबरोबर बसून, त्यांच्या पद्धतीने.

माउस ड्रॉवरमधून काढला. ही तडजोड नाही. जुन्या पद्धतींचा अभ्यास आहे.

शुक्रवार, २० जून
पुन्हा ब्र्युकनटाग. पुन्हा लॅबमध्ये त्या आणि मी. एक फाईल उचलायची, ओढायची, सोडायची. उघडायची. माणूस चालतो की नाही बघायचं. बंद. आज १३६ पर्यंत आलो. नव्वदाव्या फाईलला म्हटलं, टिक मी करते, वेळ वाचेल. फ्राऊ लेडरर म्हणाल्या, माउस तुझ्याकडे, पेन्सिल अजून नाही.

चहा मात्र दिला. त्याच डब्यातला.

रविवार, २२ जून
बाबांना सांगावंच लागलं. ऑक्टोबरची वाट बघत होते, गल्लीत सांगून ठेवलं होतं. सर्व्हर, कमांड, फोल्डर, सगळं सोप्या भाषेत समजावलं. वीस मिनिटं लागली. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, म्हणजे चक्की चालू केलीस आणि खाली डबाच लावला नव्हतास?

म्हटलं, बाबा, आवाज तुटतोय. आणि स्काइप बंद केलं.

आवाज अगदी स्वच्छ येत होता.