पांढरीच्या मातीच्या चार गाड्या

बापू,

आपल्या शेतातली पांढरी खोदायला सरकारी माणसं आली आहेत आणि मला फार भीती वाटते आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, ह्याला भीती कधी वाटत नाही तेवढं सांगा. बैल शिंकला तरी हे दचकतं, असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात. खरंच होतं ते. सत्तरी उलटली तरी मी तसाच आहे. पण ह्या वेळची भीती तुमच्याकडूनच माझ्याकडे आलेली आहे, म्हणून तुम्हालाच लिहितो. चौथी शिकलेल्या हाताने जसं जमेल तसं.

झालं असं की आपल्या शेतातून मोठा रस्ता जाणार आहे. रस्त्याचे लोक दगड रोवून गेले आणि त्यांच्या मागून जुन्या वस्तूंच्या खात्याच्या एक बाई आल्या. डोक्याला टोपी, पायात बूट, बोलणं पुण्याकडचं. पांढरीवर चारदा फिरल्या, खापरं उचलून पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "आजोबा, ही टेकडी म्हणजे फार जुनं गाव आहे. रस्ता होण्याआधी आम्हाला ते उकलून बघायला हवं." आपल्याला त्यात नवीन काय होतं? कुठल्या तरी काळी उठून गेलेल्या गावाची ती राखेसारखी माती, पाणी झिरपू देत नाही म्हणून घरांच्या माळवदावर, मातीच्या छपरांवर अंथरायला सगळं गाव तिथूनच नेत आलं. मग बाईंनी एक कागद काढला. "अलीकडच्या काळात इथं काही पुरलंय का? जनावर, समाधी, असं काही?" मी न्हाई म्हणालो. त्यांनी ते लिहिलं आणि मी खाली सही केली. सही करताना पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला. बाई म्हणाल्या, असू दे, चालेल. तेव्हापासून मला नीट झोप नाही. खोटं लिहून दिल्याची काय शिक्षा असते, हे कुणाला विचारायचं?

माझी लेक नऊ दिवसांची होती. बारसं व्हायचं होतं. मी मिरची घेऊन धर्माबादला गेलो होतो, तिसऱ्या दिवशी परत आलो तर तुमची सून भिंतीकडे तोंड करून निजलेली आणि तुम्ही ओट्यावर बसलेले. जबडा आवळला, दूध धरेना, गेली, एवढंच तुम्ही सांगितलंत. कुठं नेली विचारलं तर म्हणालात, "नदीकाठी. जास्ती इचारू नको." मी विचारलं नाही.

मग दोन वर्षांनी माळवद गळायला लागलं. तुम्ही उमरीच्या बाजाराला गेलेले. मला वाटलं, तुम्ही यायच्या आत माती टाकून दाखवावी, एकदा तरी शाबासकी मिळेल. पांढरीवर हिवराच्या सावलीत गाडी उभी केली, भरली, वर चढवली. तीन गाड्या पसरून झाल्या. चौथी दारात उभी आहे आणि तुम्ही येता. मला अजून दिसतं, खांद्यावरची पिशवी तुम्ही खाली ठेवली नाही, तशीच पडू दिली. माझ्या कानफटात मारलीत, तुमच्या सुनेच्या देखत. "कुणाला इचारून उकरलंस? कोणत्या अंगाला? फावड्याला काही लागलं का?" मी म्हणालो, न्हाई. तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा न्हाई म्हणालो. मग ती चौथी गाडी तुम्ही स्वतः माघारी हाकलीत आणि मूठ मूठ माती बोटांतून गाळत परत पांढरीवर टाकलीत. गाव हसलं. म्हाताऱ्यानं धन पुरलंय म्हणाले. त्यानंतर तुम्ही माळवदावर कधी पाय ठेवला नाही. उन्हाळ्यात सगळे वर निजायचे, तुम्ही खाली गोठ्यात, बैलांच्या उकाड्यात.

जायच्या आधी तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि सांगितलंत, नदीला नेली नाही, तेवढं लांब न्यायला पाय उचलले नाहीत. पांढरीच्या उगवतीला, हिवराच्या बुडाशी ठेवली, आईच्या लहान मातीच्या काळ्या घागरीत. "नांगर घालू नको तिथं. सुनेला सांगू नको, रोज जाऊन बसंल." मी नांगर घातला नाही. सांगितलंही नाही. पण तुम्ही डोळे मिटलेत आणि माझ्या डोक्यात ती गाडी हिवराच्या सावलीत उभी राहिली, ती आजवर तिथंच आहे. पुढं माळवद उतरवून स्लॅब टाकला तेव्हा लोक म्हणाले, ही माती ओढ्यात टाक. मी टाकू दिली नाही. सगळी अंगणात पसरली, तुळशीभोवती. तुमची सून तिथं रोज दिवा लावते. का पसरली, ते तिला माहीत नाही.

आता बाईंनी पांढरीवर सुतळीचे चौकोन आखलेत. गावातल्या बाया रोजानं लावल्यात, खुरप्यानं उकरतात, कुंच्यानं झाडतात. मी सकाळीच जाऊन बांधावर बसतो. कामावरची एक म्हातारी मला चिडवते, "तात्या, राखण करून राहिले का? सोनं निघालं की आमाला न दाखवता कनवटीला लावताल!" बाकीच्या खिदळतात. मीही हसतो, पण माझा डोळा उगवतीला असतो. हिवर वादळात पडला, खोड मातीत आहे. तिथं नऊ दिवसांच्या पोरीची हाडं निघाली तर काय म्हणतील? मुलगी होती म्हणून मारून पुरली, असंच म्हणतील. पोलीस येतील. तुमचं नाव घेतील, आणि तुमच्या बाजूनं बोलायला माझ्यासारखा भित्रा माणूस उरला आहे.

काल बाईंनी हाक मारली. "आजोबा, लवकर या." उगवतीच्याच चौकोनात त्या गुडघ्यावर बसल्या होत्या. "बघा, दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलीत. आत तान्हं मूल आहे." मी मातीतच बसलो. बाईंनी पाणी दिलं. "घाबरू नका हो. हजारो वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हाची माणसं लहान मुलं घराच्या जमिनीखालीच पुरायची."

"जुनंच हाय का पण? नक्की?"

"ही लाल मडकी, ही काळी नक्षी. आता कोण करतं अशी?"

मी वाकून बघितलं. आपली घागर नव्हती. बापू, मला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. तेही कुणीतरी ठेवलं होतं. त्यालाही लांब जाववलं नसेल. मी विचारलं, आता ह्याचं काय करणार? नंबर घालून पेटीत, म्हणाल्या, आधी नांदेडला, मग पुढं. परत आणणार का? "परत कशाला, आजोबा? इथून तर रस्ता जाणार." मग त्यांनी हिवराच्या खोडाभोवतीची सुतळी दाखवली. "उद्या हा चौकोन."

संध्याकाळी जेवताना तुमची सून म्हणाली, "लेकरू निघालं म्हणं."

"लई जुनं हाय. आपलं न्हाई काही."

"कुणाचं का असंना. उघडं ठेवलंय का झाकलंय?"

"झाकलंय."

तिनं भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि परातीतलं पीठ बोटानं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "आपलं कधी निघंल?"

माझ्या हातातला घास खाली पडला. ती म्हणाली, "मामंजी त्या दिवशी घरी आले तवा त्यांच्या पायाला पांढरी माती होती. नदीची माती काळी असती. मी बाळंतीण होते, आंधळी नव्हते."

"मग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"तुमी कुठं बोलले?" आणि परात उचलताना, "उद्या मी येते. ती बाईमाणूस हाय, तिला मी सांगते. तुमाला जमायचं न्हाई. पेटीबिटीत न्हाई जाऊ द्यायची. घागर निघाली की माझ्या वटीत घाला म्हणते. मग नदीला नेऊ. ह्या खेपेला खरंच."

आता सकाळ झाली आहे. ती ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी आहे, पदर खोचलेला, आणि मी गोळी शोधायच्या निमित्तानं आत बसून हे लिहितो आहे. इतके दिवस घागर निघू नये म्हणून हात जोडत होतो. आज निघावी म्हणून जोडतो. निघाली तर मी बाईंपुढं खोटा ठरेन, पोलिसांपुढं उभा राहीन, सगळं कबूल. पण खोडाखाली काही निघालं नाही, आणि रिकामी वटी घेऊन ती माझ्याकडे वळली, तर मी तिला तुळशीकडे कसं बोट दाखवू?

"चला की. ऊन होईल," ती म्हणते आहे.

हा कागद कुठं टाकायचा तेही कळत नाही. खणाच्या तळाला राहील. तुम्हाला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो आणि वाईट बातमीची ओळ असली की गाळून पुढं जायचो. तशीच एक ओळ मी इथंही गाळत गाळत आलो. तिसरी गाडी भरताना फावडं कशाला तरी लागलं होतं, बापू. पोकळ आवाज झाला होता. पांढरीत खापर लागतंच, असं म्हणून मी थांबलो नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, आणि मला तुमची भीती वाटली.