पितळेच्या जागी पांढरा बुश

प्रिय स्नेहल,

पिंपळवंडीहून तुझ्या थोरल्या जावेचा आशीर्वाद. मंचर काही लांब नाही, आणि फोनही दोघींकडे आहे. पण फोनवर माझा आवाज मला दगा देतो, म्हणून लिहिते आहे. पाठपोट लिहीन, कागद वाया जायला नको. तुझी लेक आता धरून उभी राहते का? अमृतभावजींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे. तुझं नाव घेतल्याशिवाय घास उतरत नाही एवढंच. माझा नव्हे, यांचा.

यांचं वर्कशॉप सुरू झालं तेव्हा माल तीनच होते, लोखंड, पितळ आणि गनमेटल. नव्या कामाचा पहिला नग हे घरी आणत. मी तो देवापुढे ठेवून हळदकुंकू लावी. मग हे म्हणत, "मंगल, बघ गं, कसा झालाय?" मी दहावी झालेली बाई, घराचा नि वर्कशॉपचा हिशेब ठेवते, मला मशीनमधलं काय कळणार? भांडं घेताना वाजवून बघतो तसा नग वाजवायची आणि सांगायची, वजनदार आहे, बरा आहे. माझ्या सांगण्यानं कुठलं मशीन चाललं नसेल की बंद पडलं नसेल. पण मला विचारल्याशिवाय यांनी नग गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही.

मग खंडेनवमीला तू लेथला फूल वाहायला आलीस. राजुरीच्या गेणभाऊंच्या टोमॅटो धुवायच्या मशीनचा पितळी बुश, फिरता शाफ्ट ज्यात बसतो ते कडं, झिजून बाकावर पडला होता. तो उचलून तू विचारायला लागलीस, मशीन पाण्यात चालतं का, माती जाते का, तेल कोण देतं. थोरल्या दिराशी भावजयीनं असं बोलायचं असतं का गं? आणि हे तरी कसे, शाळेतल्या पोरासारखे उत्तरं देत होते! मी चहा घेऊन दारात उभी. चहावर साय धरली तरी कुणाचं लक्ष नाही. तू म्हणालीस, "दादा, इथं पितळ गाळानं झिजणारच. डेल्रिनचा करा. नायलॉन नको, ते पाणी पिऊन फुगतं, शाफ्टला आवळून धरेल." यांनी त्या डेल्रिनचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, सोललेल्या मुळ्यासारखा पांढरा दांडा आणला. मला हसू आलं. आमच्या प्लॅस्टिकच्या बादलीची कडी वर्षभर टिकत नाही, आणि ह्यावर मशीन चालणार! हे काही हसले नाहीत.

पुढच्या चतुर्थीला मी ओझरला गेले. सगळ्यांचं बरं मागून झालं, आणि मनात आलं, देवा, तो पांढरा बुश तेवढा फुटू दे. एक प्रदक्षिणा जास्तीची घातली. बुश काही फुटला नाही. गेणभाऊच पाटीभर टोमॅटो घेऊन दारात आले. "वहिनी, मशीन काय पळतंय राव! कुणाचं डोकं म्हणायचं हे?" हे छाती फुगवून म्हणाले, "आमच्या स्नेहलचं. लई हुशार पोरगी हाय." त्या टोमॅटोचं सार केलं. गूळ घातला तरी मला आंबटच लागलं.

वाटलं होतं, तू आपली प्लॅस्टिकचंच गाणं गाशील नि कुठंतरी फसशील. पण गुऱ्हाळवाला तसलाच बुश कढईजवळ बसवायला मागत होता, तेव्हा तूच फोनवर सांगितलंस की तिथं तो तापून मऊ पडेल, तिथं धातूच हवा. चाकणच्या कंपनीत असताना कुठल्या पार्टला कुठला माल लावायचा हेच तू ठरवायचीस, तुझं कशाला चुकेल? एकदा तरी चुकली असतीस, तर तुझ्यावर माया करणं सोपं गेलं असतं. आता पहिल्या नगाचा फोटो तुला जातो. मी हळदकुंकवाचं म्हटलं तर म्हणाले, "अगं, पांढऱ्या मालावर डाग पडतो, निघत न्हाई."

मागच्या आठवड्यात यांनी तुला वर्कशॉपमध्ये भागीदारीनं यायला सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मी भाकरी वाढत होते. तू म्हणालीस, "ताईंनी बोलावलं तर येईन." तेव्हापासून हे स्वतःचं ताट स्वतः उचलतात, न सांगता पाणी भरतात, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. तू सरळ हो म्हणाली असतीस तर मला भांडता तरी आलं असतं! असो. बाळंतपणात तुझी नोकरी सुटली, ते शिक्षण घरात कुजवू नये. तर मी बोलावते आहे, ये. लेकीला माझ्याकडे सोडत जा. माझा जळफळाट होईल, तिकडे लक्ष देऊ नकोस. फक्त माल निवडायच्या वेळी यांचं तोंड चुकून माझ्याकडे वळलं, तर मध्ये बोलू नकोस. माझं चुकीचं उत्तर त्यांना पुरतं ऐकू दे. मग तुझं बरोबर असेल ते सांग.

तुझीच,
मंगलताई