ते आमंत्रण मी पाठवलेलं नाही

गंगापूर रोड, नाशिक
१४ ऑक्टोबर २००८

चि. चिमाजी यास,

तुला, सौ. बयाबाईला आणि सार्थकला कारभारीचे आशीर्वाद. द्राक्षबागेची छाटणी उरकली असेल. परवाच्या अवकाळीने पानांवर डाऊनी आली नसेल अशी आशा आहे. आली असेल तर फवारताना तोंडाला फडकं बांधत जा, तू बांधत नाहीस. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे वयाला शोभेल इतपत ठीक आहे. सुमनची शुगर वाढलीय, माझा गुडघा बोलतो, आणि नळाला पाणी येतं तेव्हा आम्ही झोपलेले असतो. पाच वर्षांनी तुला पत्र लिहितोय, त्यामुळे हात जरा अवघडलाय. (फोन करता आला असता. पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर पुढे काय बोलायचं हे मला सुचलं नसतं.)

पत्राचं कारण एकच. गेल्या आठवड्यात तुझ्या सार्थकचा फोन आला. म्हणाला, "मोठे बाबा, तुमचं मैत्रीचं आमंत्रण अण्णांच्या मेलवर तिसऱ्यांदा आलंय. अण्णा इचारतात, हे खरं हाय का कंपनीचं हाय?" मी त्याला म्हटलं, सविस्तर कळवतो. तर बाबा, ते कंपनीचं आहे. मी पाठवलेलं नाही. हे झालं कसं ते खाली लिहितो, म्हणजे गैरसमज राहायला नको. आपल्यात आधीचे पुरेसे आहेत.

हर्षाली लग्न होऊन परदेशी गेली, तिला मुलगी झाली, आणि नातीचे फोटो एका वेबसाइटवर ठेवलेत असं तिने कळवलं. फोटो पाहायचे तर आधी आपण त्या वेबसाइटचं सभासद व्हायचं. (पूर्वी नातीचं तोंड पाहायला सोन्याचा वेढा लागायचा. आता आपली जन्मतारीख, शाळा, गाव आणि आवडीचे सिनेमे लागतात.) आमच्या कोपऱ्यावर मोतीरामचा सायबर कॅफे आहे. हा मोतीराम म्हणजे पूर्वीचा एसटीडी बूथवाला, त्याच काचेच्या खोलीत त्याने आता चार कॉम्प्युटर बसवलेत. वीस वर्षं तो मला ओळखतो, पण आत सोडायला ओळखपत्राची झेरॉक्स मागतो. वरून हुकूम आहे म्हणे. मी रेशनकार्ड दिलं. तेव्हापासून रेशनकार्डाची एक प्रत त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि तिच्यात तो वडापाव गुंडाळून देणार नाही एवढीच माझी अपेक्षा आहे.

तर अर्ज भरायला बसलो. आता तुला माहीतच आहे, पाटबंधारे खात्यात माझी चौतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासण्यात गेली. रकाना मोकळा सोडला की अर्ज परत, ही आमची शिस्त. मी स्वतः परत पाठवलेले अर्ज रचले असते तर धरणाची भिंत हातभर वाढली असती. त्यामुळे वेबसाइटने जे विचारलं ते सगळं मी भरलं. वैवाहिक स्थिती विचारली, भरली. धार्मिक विचार विचारले, भरले. पुढे एका रकान्यात माझ्या ई-मेलचा पासवर्ड मागितला होता. मला वाटलं, सहीसारखं काहीतरी असेल, तोही भरला. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा रकाना ऐच्छिक आहे. चिमाजी, ऐच्छिक हा शब्द मी सरकारी कागदावर कधीच पाहिला नव्हता! अटी आणि शर्तीही मी वाचायला घेतल्या होत्या, अगदी चष्मा पुसून. तिसऱ्या पानावर मोतीरामचा तास संपला. मग 'मी सहमत आहे' दाबलं आणि घरी येऊन जेवलो.

मी जेवत होतो तेवढ्यात कंपनीने माझ्या मेलची पेटी उघडली, त्यात ज्याचा ज्याचा पत्ता सापडला त्याला माझ्या नावाने मैत्रीचं आमंत्रण धाडलं, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. ज्या साहेबाने माझी वेतनवाढ अडवली होती त्याला गेलं. तो इतका गहिवरला की आता रोज सकाळी चहाला येतो आणि दोन कप पितो. भाडं बुडवून पळालेल्या भाडेकरूला गेलं. त्याने लगेच स्वीकारलं, आणि आता त्याच्या महाबळेश्वरच्या सहलीचे फोटो मला बघावे लागतात. वीजबिलाची तक्रार करायचा जो पत्ता असतो त्यालाही गेलं. उत्तर आलं की आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. आणि आमच्या खात्यातला भिमाजी, जो गेल्या वर्षी गेला, त्यालाही गेलं. 'यांना आपण ओळखता का?' असं त्याच्या फोटोखाली दर आठवड्याला विचारतात. ओळखतो रे. एका डब्यात जेवलो आम्ही. पण हे सांगायला तिथे जागा नाही, फक्त हो आणि नाही आहे.

त्यातच तुझा पत्ता निघाला. तो माझ्याकडे आला कसा, असं तू म्हणशील. सार्थकने मागे एका देवाचा मेल सगळ्यांना पाठवला होता, अकरा जणांना पुढे पाठवा नाहीतर नुकसान होईल, असला. त्या यादीत तुझाही पत्ता होता. मी पाठवला नाही. नुकसान झालं ते असं.

आता मुख्य गोष्ट. हर्षालीच्या लग्नाची पत्रिका तुला कुरिअरने आली, त्याचा तुला राग आला. सख्ख्या भावाच्या दारी अक्षता घेऊन जायचं असतं, पाकीट पाठवायचं नसतं, हे तुझं म्हणणं. मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो, आम्ही दोघं दिंडोरीला येणारच होतो, पाकीट आधी पोचलं एवढंच. तू लग्नाला आलास, तांदूळ टाकलेस आणि न जेवता निघून गेलास. भर मांडवात. त्यावर मला खूप बोलता येईल, पण मी बोलणार नाही. मुद्दा असा, की कुरिअरच्या पाकिटावरून पाच वर्षं न बोलणाऱ्या भावाला मी एका परदेशी कंपनीकरवी आमंत्रण पाठवीन का? इतका मी बावळट नाही. त्या मेलमध्ये 'कारभारी अजूनही तुमच्या उत्तराची वाट पाहत आहे' असं लिहिलेलं असतं, शेजारी माझा फोटो. तो पेन्शनच्या कागदासाठी काढलेला आहे. त्यात मी खरोखरच वाट पाहून थकल्यासारखा दिसतो, पण तो फोटोग्राफरचा दोष.

हे थांबवायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. खात्यात निदान साहेब दिसायचा, त्याचं टेबल असायचं, टेबलाखालून काय चालतं तेही दिसायचं. इथे दारच सापडत नाही. 'मदत' दाबलं की प्रश्नही त्यांचे आणि उत्तरंही त्यांचीच. शेवटी मी रीतसर अर्ज लिहिला, मा. महोदय, विषय, संदर्भ, सगळं. मिनिटाच्या आत उत्तर आलं, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, कृपया या पत्त्यावर उत्तर देऊ नये. खातं बंद करायला गेलो तर नातीचा फोटो पुढे करून म्हणतात, हिला तुमची उणीव भासेल. (लहान मुलीला पुढे करून वसुली करणं आमच्या खात्यातल्या सर्वांत पोचलेल्या माणसालाही सुचलं नव्हतं.) मी बंद केलं नाही.

आणि हे फुकट आहे याचं सगळ्यांना कौतुक! हर्षालीला मेलमध्ये गुडघ्याचं लिहिलं, तर बाजूला गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. सुमनच्या शुगरबद्दल लिहिलं, तर लगेच विमा. आपल्या लहानपणी पोस्टमन सगळ्यांची कार्डं वाचायचा, पण वाचून तो विचारपूस करायचा, तेल विकायचा नाही. माझ्या घरात कोणाला काय दुखतं ते या कंपनीला ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक नाही. मला या सगळ्याचा कंटाळा आलाय, चिमाजी. कोणाला काही सांगायचं राहिलंच नाही, सगळं आधीच माहीत असतं, फक्त ज्याला माहीत असायला हवं तो सोडून.

असो. पुन्हा लिहितो, ती तिन्ही आमंत्रणं कंपनीची आहेत. तुला उत्तर द्यायची काही गरज नाही. बागेला आणि तब्येतीला जप.

तुझा
दादा

ता. क. सार्थक म्हणाला, तू ते मेल अजून पुसलेले नाहीत. पुसून टाक. किंवा राहू देत. पुसल्याने काही फरक पडत नाही, कंपनीकडे प्रत असतेच.

ता. क. २. रविवारी मी घरीच असतो. एरवीही असतो.

चिमाजी भाऊजींना सुमनचा नमस्कार. पत्र पाकिटात घालून टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण ज्याला त्याला यांचं सगळं वाचता येतं तर मलाच का नको? परवा झेरॉक्सला गेले तेव्हा मोतीराम मला सांगत होता. पहिलं आमंत्रण सगळ्यांना कंपनीनेच पाठवलं, ते खरं आहे. पण त्यानंतर कंपनी आपणहून काही पाठवत नाही. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांची नावं दाखवते आणि विचारते, यांना पुन्हा आठवण करून देऊ का? बाकी सगळ्यांच्या नावापुढे यांनी 'नको' दाबलं. तुमच्या नावापुढे दोन्ही वेळा 'हो' दाबलं, आणि मग मोतीरामला विचारत बसले, दिंडोरीला पोचायला याला किती वेळ लागतो.