पसंतीक्रमाचा रकाना

बाबा,

काल दुपारी तुमच्या नातीनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, ओल्या केसांनी, फोनवर आपल्या कॉलेजांचा क्रम बदलला. दोन मिनिटांचं काम होतं. ते होईपर्यंत मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. ही गोष्ट इथं कोणाला सांगितली तर तिच्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. तुम्हाला कळेल, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

ती आता अठरा वर्षांची झाली. तुम्ही गेलात तेव्हा सात महिन्यांची होती; तिचा एक फोटो तुमच्यापर्यंत पोचला होता. आम्ही लंडनच्या कडेला हॅरोमध्ये राहतो, दोघीच. तुमचे जावई आता वेगळे राहतात. त्याबद्दल मला फार काही लिहायचं नाही. भांडणं संपली, एवढं खरं. मी रोज गाडीनं स्लाऊला नोकरीला जाते. परीक्षा संपल्यापासून ती कौन्सिलच्या पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड म्हणून जाते, आणि घरी येते तेव्हा तिच्या मागोमाग क्लोरिनचा वास घरभर फिरतो. तिला समुद्र शिकायचा आहे. नागपूरच्या माणसाची नात, आणि समुद्र. गेल्या वर्षी शाळेनं त्यांना आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नेलं होतं. चार दिवस गुडघाभर चिखलात उभं राहून मुलांनी खडकांना चिकटलेले जीव मोजले. बाकीची मुलं कंटाळून आली. ही आली ती गॉलवेचं नाव घेऊन. तिथं सागरी विज्ञान शिकवतात. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

आयर्लंडची पद्धत तुम्हाला आवडली असती. सगळ्या देशाच्या कॉलेजांसाठी एकच कार्यालय, एकच अर्ज. दहा अभ्यासक्रम लिहायचे, आपल्याला हवे त्या क्रमानं. निकाल लागला की यंत्र वरून खाली बघत येतं, आणि जिथं तुमचे गुण पहिल्यांदा पुरतात तिथं थांबतं. तीच जागा तुम्हाला देऊ करतात. तिच्या खालचं सगळं त्या क्षणी रद्द. इंग्लंडमध्ये असं नाही. इथं प्रत्येक विद्यापीठ आपापलं उत्तर पाठवतं, आणि मुलं ती सगळी उत्तरं समोर ठेवून निवडतात. शाळांना तेवढंच माहीत असतं. तुमच्या नातीलाही तेवढंच माहीत होतं. तिला वाटलं, आयरिश यादीतले आकडे म्हणजे नुसते मोजायचे आकडे.

जानेवारीत तिनं अर्ज भरला तेव्हा मी शेजारी बसले होते. नाव, पत्ता, जन्मतारीख, पासपोर्ट, सगळं मी वाचून दाखवत होते. क्रमाचं पान आलं तसा मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला आणि उठले. हे मी तुमच्याकडून घेतलेलं आहे. पण उठता उठता मी म्हणाले, "डब्लिन म्हणजे तसं जवळच. तासाभराचं विमान, आणि तिथं मावशीही आहे." मावशी म्हणजे माझी मावसबहीण. मी सहज बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. चहा घेऊन परत आले तेव्हा तिच्या यादीत एक नंबरला डब्लिनचं जीवशास्त्र होतं आणि दोन नंबरला गॉलवे.

एप्रिलमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्या आयरिश कार्यालयाची माहितीपुस्तिका वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, तळटीपांसह. तुमच्या घरात वाढलेल्या माणसाला सूचना अर्ध्यावर सोडता येत नाहीत. नियम साध्या इंग्रजीत लिहिला होता. डब्लिनसाठी तिचे गुण सहज पुरणार होते. म्हणजे डब्लिन मिळणार, आणि गॉलवेचा प्रश्नच येणार नाही. क्रम बदलायची मुदत एक जुलैला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत होती. मी पुस्तिका बंद केली, डबा धुतला आणि कामाला लागले. संध्याकाळी तिला सांगू असं ठरवलं होतं. संध्याकाळी सांगितलं नाही.

तुम्ही मला दिसता ते विहाराच्या ओसरीवर. जूनचे रविवार. वंदना संपली की तुम्ही सतरंजीवर बसता, पुढ्यात लाकडी पाट, पाटावर कार्बन, डिंकाची बाटली, दोन पेनं. आठवडाभर कॉलेजच्या प्रवेशखिडकीच्या आत बसणारा माणूस रविवारी खिडकीच्या बाहेर येऊन बसतो. वस्तीतली मुलं रांगेत, त्यांच्या आया रांगेत. दाखल्याचा नंबर, उत्पन्नाचा आकडा, जिल्हा, तालुका, सगळं तुम्ही लिहिता, मोठ्या सुट्या अक्षरांत. आणि पसंतीक्रमाचा रकाना आला की कागद उलटा फिरवून मुलीपुढे ठेवता, पेन तिच्या हातात देता. "इथून पुढे तू."

एक बाई फार चिडायची. मला तिचा आवाज अजून ऐकू येतो. "तुमीच लिहा ना बाप्पा साहेब. पोरीले काय समजते?"

"वर्गात कोन बसनार हाये? तुमी का ती?"

"मी बसली असती तं लय बरं झालं असतं!"

"मंग थांबा, तुमचाबी फॉर्म आनतो."

सगळी रांग हसते. ती बाईही पदर तोंडाला लावून हसते. मुलगी तेवढ्यात खाली मान घालून लिहून टाकते. तुम्ही ते लिहिलेलं वाचत नसत. घडी घालून पाकिटात ठेवत असत. मी तेव्हा दहाबारा वर्षांची, पाकिटांना डिंक लावायला बसलेली, आणि मला वाटायचं की याहून मोठं काम जगात कोणी करत नसेल.

माझ्या वेळी तुम्ही फॉर्म घरीच भरलात, स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत असताना. इंजिनिअरिंगचा एकत्र फॉर्म तेव्हा नवा होता. तुम्ही कागद फिरवलात. मी तुमच्याकडे पाहिलं. "माझ्याकडे काय पाहून राहिली? कागदाकडे पाहा." तुमचा आवाज चढला होता. मला पुणं हवं होतं, हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. पण वरच्या ओळीत पुणं लिहिलं आणि नाही मिळालं तर नागपूरही हातचं जाईल, असं मैत्रिणींनी सांगितलं होतं, आणि मी त्यांचं ऐकलं. एक नंबरला नागपूर लिहिलं. या खेपेला तुम्ही वाचलंत. घडी घालण्यापूर्वी कागद तुमच्या हातात जरा जास्त वेळ राहिला, हे मी पाहिलं. मग तुम्ही तो पाकिटात घातला.

यादी लागली तेव्हा मला नागपूर मिळालं होतं, आणि पुण्याच्या शेवटच्या मुलाला माझ्यापेक्षा कमी गुण होते. मी घरी येऊन ताट लोटलं. म्हणाले, रोज खिडकीवर बसता, नियम तुम्हाला पाठ आहेत, मग बोललात का नाही? तुम्ही म्हणालात, "मी कोणाचाच क्रम लिहीत नाही. तुला माहीत आहे." आई म्हणाली, "लिहू नका, पण तोंड तरी उघडायचं." तुम्ही उठून हात धुतलेत. तुमचा चेहरा दगडासारखा होता. मी कितीतरी वर्षं तो चेहरा तत्त्वाचा आहे असं समजत होते. त्याचा मला राग यायचा आणि लोकांना सांगताना अभिमानही वाटायचा.

तुम्ही गेल्यावर मी आले तेव्हा तुमच्या ऑफिसातले शिपाईकाका भेटायला आले होते. चहा संपवला. मग म्हणाले, "यादी लागली अन् तू इथंच राहिली, त्या दिवशी साहेबानं अख्ख्या ऑफिसला बर्फी वाटली होती. प्राचार्यांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवली. आम्ही म्हटलं, साहेब आज बिघडले." मी हसले. आई आत होती, तिनं ऐकलं की नाही माहीत नाही. घरी त्या बर्फीचा एक तुकडाही आला नव्हता, बाबा.

आणि इंग्लंडच्या व्हिसाचा फॉर्म. मी तो तुमच्यापुढे ठेवला, कारण घरातला प्रत्येक फॉर्म तुमच्यापुढेच ठेवायचा असतो. तुम्ही चष्मा लावलात, पहिलं पान वाचलंत आणि परत दिलात. "हा तू भर. माझं अक्षर बिघडलं आता." आठ दिवसांनी तुम्ही मला प्लास्टिकचं फोल्डर दिलंत. माझ्या प्रत्येक दाखल्याच्या तीन-तीन साक्षांकित प्रती, आणि वरच्या कागदावर सगळ्यांची अनुक्रमणिका, हातानं लिहिलेली. अक्षर छापल्यासारखं होतं. मी ते पाहिलं आणि फोल्डर बॅगेत सगळ्यात वर ठेवलं.

मे गेला. जून संपत आला. जूनमध्ये एका शनिवारी मी पोहे परतत होते आणि ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती की दोन्ही ऑफर आल्या की ती आधी गॉलवेला जाऊन राहायच्या खोल्या बघून येणार. मी पोह्यांवर झाकण ठेवलं. मला तेव्हा कळलं की गप्प राहणं किती सोपं असतं. त्यात काही करावंच लागत नाही. मी तिचा अर्ज बदलला नव्हता, तिच्यावर दबाव आणला नव्हता. कोणी विचारलं असतं तर सांगायला माझ्याकडे तुमचं वाक्य तयार होतं.

मुदतीला तीन दिवस उरले होते. काल ती तलावावरून आली, फ्रिज उघडून उभी राहिली. मी म्हणाले, "दोन्ही ऑफर येणार नाहीत."

"हं?"

"आयर्लंडच्या. एकच येते. वरून पहिली जी बसेल ती. खालचं मग कॅन्सल."

"नो वे. कोण म्हणलं?"

"त्यांच्या पुस्तिकेत आहे."

"तू हँडबुक वाचलं? पूर्ण? आई, तो कोणीच नाही वाचत."

"आपल्याकडे वाचतात."

ती फ्रिजचं दार धरून उभी राहिली. फ्रिज वाजायला लागला तरी तिनं दार लावलं नाही. "म्हणजे डब्लिन मिळाला तर गॉलवे गेला?"

"गेलं."

"पण मी तर डब्लिन तुझ्यासाठी टाकला वरती. तू म्हणाली ना जवळ आहे. मला वाटलं, लिस्ट बघून तुला छान वाटेल. नंतर तर मीच डिसाइड करणार होते ना." मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. "तुला वाईट वाटेल का, गॉलवे वर टाकलं तर?"

ती माझ्याकडे बघत होती. अगदी तशीच. मी म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? फोनकडे बघ." आवाज चढला माझा. ती दचकली, मग हसली, "ओके, बॉस." मी तिच्याकडे पाठ केली. मागे तिची बोटं काचेवर टकटक वाजत होती. मला वळून बघायचं होतं. तुम्ही कागद हातात जास्त वेळ धरला होता तसं मला काहीतरी धरायचं होतं, म्हणून मी धुतलेलीच कढई पुन्हा धुतली.

"डन," ती म्हणाली. "ईमेलसुद्धा आला. गॉलवे वन, डब्लिन टू." मग फोन खिशात टाकत, "तू कधी वाचलं हे?"

"आज सकाळी," मी म्हणाले.

"थँक गॉड," ती म्हणाली, आणि मागून येऊन तिनं मला मिठी मारली. माझी पाठ सगळी ओली झाली.

निकाल ऑगस्टमध्ये आहे. ती खात्रीनं बोलते आहे, थंडीसाठी जाड कोट बघते आहे. मी तिच्याबरोबर दुकानात जाते, बाह्या लांब आहेत का ते बघते. शेजारी विचारतात, त्यांना सांगते की मुलीला हवं ते मिळावं एवढीच इच्छा आहे. सगळे मान डोलावतात. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही. गॉलवेला डब्लिनपेक्षा थोडे जास्त गुण लागतात, बाबा. रोज सकाळी गाडी सुरू करताना माझ्या मनात येतं की तिला ते थोडेसे कमी पडावेत. फार नाही. थोडेसेच.