थोरल्या बरणीतली चटणी

गुरुवार, १२ सप्टेंबर १९४६

धाकटी बरणी संपली! आज थोरलीचं फडकं सोडलं. चंद्रानं मे महिन्यात केलेली वर्षाची कांदा-लसणाची चटणी. वर चार बोटांचे ठसे, दाबून भरताना उमटलेले. चमचा हातातच राहिला. फडकं पुन्हा बांधलं.

बायको जाऊन तीन महिने, चार दिवस.

दुपारी मीठ-भाकरी.

रविवार, १५ सप्टेंबर

परसातल्या मिरचीवर बुलबुलांची जोडी येते. पिकलेली लाल मिरची चोचीत धरतात, झटकतात, गिळतात. पुन्हा दुसरी! मी मात्र दोडका नुसत्या मिठात शिजवतो.

लिंबाच्या झाडावर शिंपी पाखरानं दोन पानं शिवायला घेतली आहेत. टाके कापसाचे. कापूस आमच्याच गादीतला दिसतो.

मंगळवार, १७ सप्टेंबर

भाकरी फुगली! पहिल्यांदाच. दाखवायला मागं वळलो.

शुक्रवार, २० सप्टेंबर

शालूवैनी — थोरल्या भावाची मंडळी, शेजारीच राहतात — कुंपणावरून माझ्या ताटात डोकावल्या.

"आवं भावजी, ह्ये काय आजाऱ्याचं जेवान? चटणी संपली व्हय?"

"आहे."

"मग खावा की! का लोणचं घालताय तिचं?"

संध्याकाळी त्यांनी त्यांच्या चटणीची वाटी धाडली. परत केली. वाईट वाटलं असेल त्यांना. पण ती त्यांच्या घरची चव. आणि आमच्यात वर्ष होईपर्यंत घरात नवी चटणी कुटत नाहीत. चंद्राच्या हातची तर एवढीच राहिली.

बुधवार, २५ सप्टेंबर

वहीत तिची बोलणी लिहायला घेतली. पलटणीच्या कचेरीत बावीस वर्षं याद्याच केल्या, दुसरं लिहिता येत नाही.

"पाय धुऊन आत या."

"रजा संपली म्हणून लगेच गप्प व्हायचं असतं का?"

"बसा, वाढते."

एवढ्यातच अडलो. वर्षातून एक महिन्याची रजा, त्यात किती बोलणार! कायमचा सुटून आलो तो मेअखेर. ती अंथरुणाला खिळलेली. पुढं नऊच दिवस. ती बोलायला बघायची, मी म्हणायचो, दमशील, पडून राहा.

आता नवीन काही ऐकायला मिळणार नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

शिंप्याच्या घरट्यात तीन अंडी. हात न लावता, वरून वाकून पाहिली.

रोज एकदा फडकं सोडतो. आज ठशांवर माझी बोटं धरून बघितली, टेकवली नाहीत.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

वैनी न सांगता आत आल्या. बरणी उघडीच होती.

"ही बोटं राखून ठेवलीसा व्हय?"

मी मान हलवली. त्या खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "भावजी, ती बोटं माजी हायत. तिला तवा उठवत न्हवतं. कुटली बी मी, भरली बी मी. ती खाटंवरनं नुसती सांगत हुती."

राग आला. कुणाचा, कळेना. चंद्रा समजून मी महिनाभर वैनींची बोटं बघत होतो!

मग विचारलं, "काय सांगत होती?"

"म्हनायची, आक्का, खोबरं जपून भाजा. त्येस्नी करपल्यालं कळतंय, पर बोलत न्हाईत. गुमान खात्यात. मलाच त्यांच्या तोंडाकडं बघून वळखाय लागतंय."

वैनी गेल्या. तिला माहीत होतं!

बुधवार, ९ ऑक्टोबर

आमटी केली. चटणी थोरल्या बरणीतली, दोन चमचे. वैनींकडं वाटीभर धाडली.

वाटणाचं खोबरं भाजताना करपलं. पहिल्या घासाला मोठ्यानं सांगितलं तिला.