कार्ल्याच्या सुनेची गाडी

लोणावळा, ४ जाने. १९३७
कार्ल्याची एक सून आली, चंद्रभागा. गवताच्या गंजीवरून पडली, डोकं दगडावर आपटलं. तेव्हापासून डावा डोळा लालबुंद, बाहेर आलेला. डोक्यात गाडी चालते म्हणे. सासू: "हिच्या अंगात आगगाडी शिरलीया. देवऋषी झाला, अंगारा झाला. आता न्हाई सुधारली तर माहेरी धाडून लेकाचं दुसरं लगीन लावनार." चंद्रभागा भिंतीकडे तोंड करून बसलेली.

तिच्या मिटल्या डोळ्यावर छाती तपासायची नळी ठेवली. धस्, धस्, धस्. घाट चढणारं इंजिनच! कंपाउंडर गोविंदरावांना विचारलं, "मालगाडी आली का?" "नाही डॉक्टर, आत्ता कुठली गाडी?" तिच्या नाडीवर बोट ठेवलं. ठोक्याला एक धस्. मानेतली धमनी अंगठ्यानं दाबली. सगळं गप्प.

ती ताडकन वळली. "थांबली! गाडी थांबली!"

कवटीच्या तळाशी धमनी फुटून शेजारच्या शिरेत मिसळलीय. विलायतेत एकदाच पाहिलं होतं, तेही मागच्या बाकावरून. बाई वेडी नाही, हे सासूला सांगितलं. म्हणते, "मंग गाडी खरीच हाय व्हय?"

७ जाने.
धमनी मानेत बांधायची. मेंदूला रक्त कमी पडलं तर उजवं अंग जाईल. म्हणून आधी रोज दाबून सवय करायची. तिलाच शिकवलं. ओसरीवर दाबत बसली तर सासूची बोंब: "धावा! सून गळा दाबून घेतीया!" अर्धा बाजार गोळा.

मुंबईच्या थोरल्या सर्जनांनी पत्रानं कळवलं, इकडे पाठवा, तिथे नसता उद्योग नको. पाठवलं तर ही मुंबईला नाही, माहेरी जाईल. आणि डोळा जाईल. मीच करणार. एवढं शिकून आलो ते काय गळवं फोडायला?

२१ जाने.
उद्या. भीती वाटते.

२२ जाने.
जमलं!! नुसती जागा बधिर केली, तिला जागंच ठेवलं. तिच्या उजव्या मुठीत गोविंदरावांचं बोट. दोरा आवळला. "बोट दाब." गोविंदराव किंचाळले, "आई गं!" असा गोड आवाज जन्मात ऐकला नाही.
"गाडी?"
"न्हाई. लय शांत हाय. तुमचं घड्याळ ऐकू येतंय."

घरी चिक्कीचा पुडा नेला, जिंकून आल्यासारखा. आमची ही म्हणाली, "डोक्यात हवा गेलीय, ती कुठली शीर बांधल्यावर उतरते?" आज नाहीच उतरणार.

१० एप्रिल
चंद्रभागा आली. डोळा जागेवर, नजर चांगली. सासू भेटेल त्याला डोळा दाखवत होती, जणू हिनंच बसवला. चंद्रभागा मात्र हळूच म्हणाली, "खरी गाडी आली तरी काळजात धस्स हुतं. वाटतं, माजीच."

दुसऱ्या वाटेनं रक्त तिथं पुन्हा पोचू शकतं. खोटं कसं सांगू? म्हटलं, नाडीवर बोट ठेव. ठोक्याबरोबर वाजली तर तुझी, लगेच ये. नाहीतर रेल्वे कंपनीची.

फाटकाशी पोचली तोच पुण्याकडची गाडी धडधडत आली. ती थबकली. मनगटावर बोट, मान कलती. मी इकडे खिडकीत श्वास रोखून.

मग हात उंचावून ओरडली, "आजची कंपनीची हाय, डागदर!"